सात गुणांची चित्रकला

दहावीचा निकाल लागला की पहिल्या आठवड्यात पालकांची शाळेत गर्दी होते. दाखला, गुणपत्रिका, झेरॉक्स. त्या गर्दीचं माझ्याकडे काही काम नसतं, कारण मी ड्रॉइंगचा शिक्षक. तरी एका वर्षी एक पालक शोधत शोधत माझ्या खोलीपर्यंत आले. पेणजवळच्या गावात त्यांचा गणपतीचा कारखाना. मुलगा पाचवीपासून माझ्या हाताखाली होता आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या सरकारी परीक्षेत त्याला ए श्रेणी मिळाली होती. पेढ्यांचा बॉक्स टेबलावर ठेवत ते म्हणाले, "सर, तुमच्या सात मार्कांनी याचे टक्के वर सरकले. आता सायन्सला नंबर लागेल." मग मुलाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आता दोन वर्षं ड्रॉइंग बंद. फक्त अभ्यास."

मुलगा खाली बघत उभा होता. गणपतीचा हंगाम जवळ आलेला, त्याच्या नखांत शाडू होता.

मी त्या वडिलांना दोष देत नाही. आपली शिक्षणव्यवस्था त्यांना जे सांगते तेच त्यांनी मुलाला सांगितलं. चित्रकलेचे सात गुण असतात, ते दहावीत मिळतात, आणि मिळाले की चित्रकला संपते. मला या लेखात एवढंच म्हणायचं आहे की चित्रकला जिथे खऱ्या अर्थाने सुरू व्हायला हवी, नेमकी तिथेच आपण ती बंद करतो. अकरावी आणि बारावीत चित्र आणि संकल्पन (डिझाइन) हा पूर्ण गुणांचा, पूर्ण तासांचा विषय असला पाहिजे. तो कुठल्याही शाखेच्या मुलाला घेता आला पाहिजे, आणि मुंबई-पुण्याबाहेरही मिळाला पाहिजे.

आपल्याकडे शाळेतल्या चित्रकलेचा कणा म्हणजे कला संचालनालयाच्या शासकीय रेखाकला परीक्षा, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. बहुतेक मुलं आठवी-नववीच्या सुमारास त्या देतात. इंटरमिजिएटला स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमिती-अक्षरलेखन. ज्यांनी हे विषय ठरवले त्यांना शिक्षण कळत होतं असं मला आजही वाटतं. समोरची वस्तू नीट बघणं, बघितलेलं मनात साठवून पुन्हा उभं करणं, आकारांची मांडणी करणं, आणि मोजूनमापून आखणं. चित्रकाराला हे चारही लागतं. वास्तुरचनाकाराला, सुताराला, शिंप्याला आणि मूर्तिकारालाही लागतं. घनाकृतींची जी भूमिती आम्ही नववीच्या मुलाला शिकवतो, ती त्याला पुन्हा थेट इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी भेटते, आणि मधल्या वर्षांत हात सुटल्यामुळे तिथे तो गडबडतो.

या परीक्षेला दहावीचे वाढीव गुण जोडले गेले. ए श्रेणीला ७, बी ला ५, सी ला ३. हेतू चांगला होता. त्यामुळे गावोगावच्या मुलांनी रंगाच्या बाटल्या विकत घेतल्या आणि मुख्याध्यापकांना चित्रकलेच्या तासाची आठवण राहू लागली. पण गुणांच्या मागे गाइड आलं, गाइडच्या मागे क्लास आला, आणि परीक्षेचा जीव गेला. सगळ्यात वाईट अवस्था स्मरणचित्राची झाली. विषय येतात आठवडे बाजार, बसथांबा, पावसातली मुलं असे. त्यासाठी मुलांकडून तीन माणसं पाठ करून घेतली जातात, एक पाठमोरी बाई, एक बसलेला माणूस, एक धावणारा मुलगा. मागे ठरलेलं झाड आणि ठरलेलं कौलारू घर. बाजार आला की बाईच्या हातात पिशवी द्यायची, पाऊस आला की छत्री. ज्या मुलीच्या आईचा दर मंगळवारी बाजारात भाजीचा वाटा असतो, ती मुलगीसुद्धा पेपरात गाइडमधला बाजार काढते. तिने रोज बघितलेली गोणपाटाची सावली, आईचं उकिडवं बसणं, तराजू उचलताना वाकडा होणारा खांदा, यातलं काही कागदावर येत नाही. माझ्या वर्गातही हे झालं आहे. निकालाच्या दडपणाखाली मी ते पुरेशा जोराने थांबवलं नाही, याची मला खंत आहे.

तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला याबद्दल बोलून काय उपयोग? हे वयच अडनिडं. लहानपणी मूल बिनधास्त चित्र काढतं. सहावी-सातवीच्या पुढे त्याला कळायला लागतं की आपण काढलेला हात हातासारखा दिसत नाही. तिथे बहुतेक मुलं पेन्सिल खाली ठेवतात. जी ठेवत नाहीत, त्यांच्यात सोळाव्या-सतराव्या वर्षी काहीतरी बदलतं, हे मी वर्षानुवर्षं बघितलं आहे. त्यांना यथार्थदर्शन, म्हणजे लांबची वस्तू लहान दिसण्याचं गणित, नुसतं आखता येत नाही, समजतं. एखादी वस्तू अशीच का घडवली, असा प्रश्न ती विचारू लागतात. चार तास एका चित्रापाशी बसायची ताकद येते. आपलं चित्र फसलं आहे हे स्वतःला सांगायची हिंमतही याच वयात येते. आणि याच वयात, जूनच्या पहिल्या आठवड्यात, त्यांना सांगितलं जातं की आता बंद.

बारावीच्या बोर्डाच्या विषयांत चित्रकला आहे, कलेचा इतिहास आणि रसग्रहणही आहे. पण कागदावर विषय असणं आणि तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात तो शिकवणारा माणूस असणं यात फार अंतर आहे. माझ्या ओळखीच्या मुलांपैकी ज्यांनी हौसेने कला शाखा घेतली, त्यांना इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र आणि समाजशास्त्र मिळालं. हे सगळे मोठे विषय आहेत. पण ज्या शाखेचं नावच कला आहे, तिच्यात दोन वर्षांत एकदाही ब्रश पाण्यात बुडवावा लागत नाही. एका मुलीने मला अकरावीच्या दिवाळीत विचारलं होतं, "सर, चित्रकलेचा तास कधी सुरू होणार?" तिला खरंच वाटत होतं की शिक्षक अजून रुजू व्हायचे असतील.

आता बारावीनंतरची परीक्षा बघा. सर ज. जी. कला महाविद्यालय १८५७ पासून मुंबईत आहे. नागपूरला आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय कला महाविद्यालयं आहेत, पुण्याला अभिनव कला महाविद्यालय आहे, पणजीला गोवा कॉलेज ऑफ आर्ट आहे. महाराष्ट्रात उपयोजित कला, चित्र किंवा शिल्पाच्या पदवीसाठी जी सीईटी होते, तिच्यात वस्तुचित्र, संकल्पचित्र आणि स्मरणचित्र हातानेच काढायचं असतं. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ ची. मुंबई आयआयटीतलं औद्योगिक संकल्पन केंद्र १९६९ चं, तिथे २०१५ पासून बारावीनंतर पदवीला प्रवेश मिळतो. दोन्हीकडच्या प्रवेशपरीक्षांत रेखाटन आहे. आर्किटेक्चरसाठी जेईईच्या दुसऱ्या पेपरातही रेखाटनाचा भाग आहे.

म्हणजे अठराव्या वर्षी राज्य आणि देश मुलाला विचारतो की तुला चित्र काढता येतं का, आणि सोळा ते अठरा या वर्षांत त्याला ते कुठे शिकता येईल, याची सोय कोणी करत नाही. मधली दरी कोण ओलांडतं? दादर, ठाणे, पुण्यातल्या क्लासला हजारो रुपये भरू शकणाऱ्या घरातलं मूल. ज्याच्या शाळेत इंग्लंडची ए-लेव्हल किंवा इंटरनॅशनल बॅकलॉरिएट हे बारावीच्या तोडीचे परदेशी अभ्यासक्रम आहेत, ज्यांत चित्रकला पूर्ण विषय म्हणून घेता येते, ते मूल. पेणच्या कारखान्यातला मुलगा हातात सगळं असून दरीच्या अलीकडेच राहतो. ही मला शैक्षणिक नव्हे, सामाजिक अन्यायाची गोष्ट वाटते, कारण आपल्याकडे हातातलं कसब ज्या घरांत पिढ्यान् पिढ्या आहे, नेमकी तीच घरं या दारातून बाहेर राहतात.

असा विषय सुरू झाला तर शिकवायचं काय, हे मला लांबून सांगायचं नाही. त्या मुलाच्या घरापासूनच सांगतो.

पेणच्या आसपास, हमरापूर-जोहे या पट्ट्यात, घराघरात मूर्ती घडतात. इथल्या मूर्ती महाराष्ट्रभर जातात, आणि परदेशातल्या मराठी घरांसाठी बोटीनेही जातात. गेली काही वर्षं या सगळ्या गावांवर एकाच प्रश्नाचं सावट आहे, शाडू की पीओपी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये सुधारित मार्गदर्शक सूचना काढून पीओपीला मनाई केली. त्यानंतर मुदतवाढी झाल्या, मोर्चे निघाले, कोर्टकचेऱ्या झाल्या. बातम्यांत ही भांडणं पर्यावरण विरुद्ध पोट अशी येतात. कारखान्यात उभं राहून बघितलं तर प्रश्न वेगळा दिसतो. पीओपी हलकं असतं, साच्यात पटकन धरतं, ट्रकच्या हादऱ्यांत टिकतं. शाडू जड असतो, वाळायला दिवस घेतो, पावसाळी हवेत तर आणखी घेतो, आणि मूर्तीच्या हाताची बोटं जरा बारीक केली की वाळताना तडा जातो. मग शाडूची मूर्ती आतून किती पोकळ ठेवायची? सोंड, हात आणि आयुधं अंगाला किती लगटून घ्यायची म्हणजे ती मोडणार नाहीत, आणि तरीही मूर्ती गोळा वाटणार नाही? काथ्या किंवा कागदाचा लगदा किती मिसळायचा? अडीच फुटांची मूर्ती पनवेलपर्यंत सुखरूप जाईल असा खोका कसा करायचा? पाण्यात किती वेळात विरघळते ते मोजायचं कसं?

यातला प्रत्येक प्रश्न संकल्पनाचा आहे. त्यात पदार्थाचा स्वभाव आहे, भार आहे, प्रमाण आहे, खर्च आहे आणि सौंदर्य आहे. सतरा वर्षांची वीस मुलं वर्षभर यावर काम करू शकतात. कारखान्यात जाऊन रेखाटनं करतील, जुन्या कारागिरांशी बोलतील, छोटे नमुने घडवतील, मोडतील, पुन्हा घडवतील, आणि हे सगळं एका वहीत नोंदवतील. डोळ्यांची आखणी करणारा म्हातारा कारागीर महिन्यातून एकदा वर्गात येऊन बसला तर मुलांना रेषा म्हणजे काय ते कळेल. एका दमात, श्वास धरून ओढलेली रेषा तिथे बघायला मिळते. मी इतकी वर्षं शिकवतो आहे, तशी रेषा मला ओढता येत नाही.

येवल्यात हे पैठणीच्या काठाबद्दल करता येईल, सावंतवाडीत लाखेच्या कामाबद्दल, पालघरात वारली चित्रांबद्दल. वारलीबद्दल तर फारच गरज आहे. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, पण शहरातल्या शाळांत वारली म्हणजे दोन त्रिकोण आणि एक गोल एवढंच शिकवतात. भिंतीवर रेखलेल्या चौकात बसलेली पालघट देवी कोण, ती लग्नाच्याच वेळी भिंतीवर का येते, हे विचारायला सोळा वर्षांची समज लागते.

कलेच्या इतिहासाचंही तसंच. मुंबईच्या ज. जी. कलाशाळेत शिकवणाऱ्या जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून तिथले विद्यार्थी अजिंठ्याला नेले. त्या मुलांनी वर्षानुवर्षं लेण्यांत बसून भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या, आणि पुढच्या पिढ्यांच्या मराठी चित्रकारांच्या रेषेत अजिंठा उतरला तो तिथून. आज सोयगाव-सिल्लोडचं मूल अजिंठ्याच्या कुशीत राहून बारावी होतं, आणि लेण्यातल्या पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या त्या झुकलेल्या मानेसमोर एक तासही पेन्सिल घेऊन बसत नाही. सातारा जिल्ह्यात औंधसारख्या लहान गावात तिथल्या चित्रकार राजाने, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, आपल्या प्रजेसाठी चित्रसंग्रहालय उभं केलं. आसपासच्या अकरावीच्या किती वर्गांची तिथे सहल जाते?

इथे जरा विषयांतर करतो, पण माझ्यासाठी ते विषयांतर नाही. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला. मी त्या दिवशी शाळेच्या फलकावर मोठ्या अक्षरात ती बातमी लिहिली. लिहिताना मनात आलं, की आपल्या लिपीची अक्षरं घडवायला पुढे कोण येणार? २००९ च्या शासननिर्णयाने मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श ठरवून दिला. आजूबाजूच्या पाट्या बघा, बसवरचे फलक बघा, लग्नपत्रिका बघा. हे आपले ल आणि श फारसे दिसतच नाहीत, कारण संगणकात जो फाँट सहज मिळाला तो वापरला जातो. संगणकावर देवनागरी आणण्यात ज्यांचा मोठा वाटा, ते अक्षररचनाकार र. कृ. जोशी आपलेच. मंगल हा फाँट त्यांचा. त्यांनी बोरूपासून संगणकापर्यंत अक्षराचा माग काढला. अशी माणसं अपघाताने तयार होत नाहीत. इंटरमिजिएटच्या अक्षरलेखनात ज्याला गोडी लागली त्या मुलाला पुढची दोन वर्षं अक्षराच्या जाडीचा, कान्याच्या अंतराचा, वेलांटीच्या वळणाचा अभ्यास करायला मिळाला, तर त्यातून एखादा तरी निघेल.

पोटापाण्याचा प्रश्न लोक सगळ्यात आधी काढतात आणि तो काढायलाच हवा. ज्या घरात एकच मूल शिकतं आहे, त्या घराने जपून पाऊल टाकणं योग्यच. पण मी कोणालाही विज्ञान सोडायला सांगत नाही. सहा विषयांतला एक विषय मागतो आहे. जो मुलगा पुढे डॉक्टर होईल त्याला निरीक्षणाने काढायची सवय उपयोगी पडेल. जी मुलगी बी.कॉम. करून भावाबरोबर कापडाचं दुकान चालवेल तिला रंगसंगती कळेल, आणि जे थोडे पुढे संकल्पनाकडे जातील ते क्लासच्या फीवाचून जातील. २०१० साली रुपयाचं चिन्ह निवडलं गेलं ते आयआयटीच्या संकल्पन केंद्रात शिकलेल्या उदय कुमार यांचं. आज प्रत्येक दुकानाच्या पावतीवर ते छापलेलं असतं. त्या एका चिन्हामागे किती जणांचं किती वर्षांचं शिक्षण आहे, याचा विचार पालकसभेत एकदा तरी व्हावा.

दुसरा आक्षेप मूल्यमापनाचा. चित्राला गुण कसे देणार, ज्याला जे आवडेल ते, असं म्हणतात. चार-पाच जाणते परीक्षक एका खोलीत बसले तर चांगल्या, मध्यम आणि कच्च्या कामाबद्दल त्यांचं आश्चर्य वाटावं इतकं एकमत होतं, हा माझा अनुभव आहे. मराठीच्या निबंधाबद्दल ते कधीकधी होत नाही. शिवाय इतरांनी हा प्रश्न सोडवलेला आहे. सीबीएसईच्या पेंटिंग विषयात ३० गुण लेखी आणि ७० प्रात्यक्षिकाला आहेत. इंग्लंडच्या ए-लेव्हलमध्ये ६० टक्के गुण विद्यार्थ्याने स्वतः निवडलेल्या विषयावरच्या दीर्घ कामाला असतात, त्याबरोबर किमान १००० शब्दांचं लेखन करावं लागतं. उरलेले ४० टक्के मंडळाने दिलेल्या विषयावरच्या कामाला, आणि त्याच्या शेवटी देखरेखीखाली १५ तास बसून चित्र पुरं करायचं. मला यातला पहिला भाग फार मोलाचा वाटतो. तिथे चित्राइतकीच चित्रापर्यंत पोचतानाची वही तपासली जाते. अशा वहीत गाइडमधली पाठमोरी बाई चालत नाही. बाजारात जावंच लागतं.

शिक्षक कुठून आणणार, हा खरा अडचणीचा प्रश्न. शिक्षणहक्क कायद्याने सहावी ते आठवीला शंभराहून अधिक मुलं असतील तिथे कलेसाठी अर्धवेळ निदेशक, म्हणजे शिकवणारा, सांगितला. आठवीच्या पुढे तो कायदाच संपतो. सरकारांनी त्या 'अर्धवेळ' शब्दाला घट्ट धरलं, आणि निवृत्त झालेल्या चित्रकला शिक्षकाची जागा भरायची नसेल तर तो शब्द हाताशी आला. दुसरीकडे दरवर्षी बी.एफ.ए. ही कलेची पदवी झालेली मुलं बाहेर पडतात आणि त्यातली बरीच जण फ्लेक्सच्या दुकानात बसतात. एका तालुक्यात एका कनिष्ठ महाविद्यालयात एक पूर्णवेळ शिक्षक, एवढीच सुरुवात मी मागतो. तिथे आसपासच्या महाविद्यालयांतली मुलं आठवड्यातून दोन दुपारी येऊ शकतात. खोलीला पाण्याचा नळ, उत्तरेचा उजेड आणि कुलपाचं कपाट हवं. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेपेक्षा हे स्वस्त पडतं.

धोरणात तर याला जागा केलेलीच आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कला आणि विज्ञान यांच्यातल्या भिंती नकोत असं म्हटलं. २०२३ च्या शालेय अभ्यासक्रम आराखड्याने अकरावी-बारावीचे विषय चार गटांत मांडले, त्यात कला, शारीरिक शिक्षण आणि व्यवसाय शिक्षणाला स्वतंत्र गट दिला, आणि मुलाने एकाच गटात अडकू नये अशी निवडीची रचना सुचवली. आणि हे काही नवं नाही. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामाभोवती शिक्षण बांधायची कल्पना मांडली होती. वर्धा आपल्याच राज्यात आहे.

तरी अकरावीच्या प्रवेशाचा अर्ज उघडला की मुलासमोर आजही तेच तीन रकाने येतात, विज्ञान, वाणिज्य, कला. आराखडा महाराष्ट्रात उतरेल तेव्हा कलेचा गट नावापुरता राहण्याची मला भीती आहे. शिक्षक नसलेला विषय कोणी निवडत नाही, आणि मग कोणी निवडत नाही म्हणून शिक्षक नेमला जात नाही. म्हणून माझं म्हणणं आहे की आधी शिक्षक नेमा, विद्यार्थी पंधरा असले तरी पहिली तीन वर्षं तुकडी बंद करू नका, आणि बारावीच्या वहीचं काम राज्याच्या कला सीईटीत गुणांसाठी धरा. पालक गुणांची भाषा ऐकतात, तर त्या भाषेत त्यांच्याशी बोलू. सात गुणांसाठी त्यांनी नववीत रंग आणून दिले होते. शंभर गुणांसाठी त्या मुलाच्या वडिलांनी कारखान्यातली एक बाजू रिकामी करून दिली असती, एवढं मी त्यांना ओळखतो.